रक्तातली पिलावळ : एका पशुवैद्याच्या रोजनिशीतून

७ जून

मृगाची पहिली सर पडून गेली आणि उकाडा उलट वाढला. गोचिडांना हेच हवं असतं. कासेवरची नाजूक कातडी, शेपटीचं बूड, कानाची आतली बाजू, जिथे गाईची जीभ पोचत नाही आणि शेपूट फिरत नाही, तिथे त्या नेमक्या चिकटतात.

आज टेम्पोतून आणलेली एचएफ गाय पहिलारू होती. व्यायला महिनाही झाला नव्हता. ताप १०६. डोळ्यांना धार, नाक गळतंय, धाप लागलेली, रवंथ बंद. खांद्याच्या पुढची गाठ माझ्या मुठीत मावेना. मालक काकुळतीला आले होते. "ताई, दोन दिवस इंजेक्शनं चालूच आहेत. ताप उतरतो, परत चढतो. बारा लिटरची गाय दोन लिटरवर आली." कसली इंजेक्शनं, विचारलं तर त्यांनी खिशातून अँटिबायोटिकची रिकामी बाटली काढून दाखवली.

कानाच्या शिरेतला एक थेंब काचपट्टीवर ओढला. गाठीत सुई घालून तिथला द्राव दुसऱ्या पट्टीवर घेतला. दोन्ही पट्ट्या मिथेनॉलमध्ये पक्क्या करून जिम्साच्या रंगात ठेवल्या. रंग चढायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढा वेळ मालकाला थोपवून धरणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम. बाहेर गाय धापा टाकत असते आणि डॉक्टर नळाखाली काचा धूत उभी, हे त्याला बघवत नाही. त्याचं चुकतं असंही म्हणवत नाही.

पट्ट्या वाळल्यावर तेलाचा थेंब टाकून हजारपट मोठं करून पाहिलं. रक्ताच्या पट्टीवर तांबड्या पेशी विरळ झालेल्या. जागोजाग पेशीच्या आत बारीक अंगठ्या, काड्या, स्वल्पविराम. प्रत्येकात एक जांभळा ठिपका. एका पेशीत चार ठिपके फुलीच्या चार टोकांवर ठेवावेत तसे दिसले, म्हणजे तिथे नुकतीच वाटणी झालेली. हा जीव जेमतेम दोन मायक्रॉनचा. एका मिलिमीटरच्या रेघेवर असे पाचशे बसतील.

गाठीच्या पट्टीवरचं दृश्य निराळं. पांढऱ्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या, आणि त्यांच्या निळ्या पेशीद्रवात जांभळट लाल दाण्यांचा पुंजका. एका पुंजक्यात मला दहा-बारा दाणे मोजता आले. प्रत्येक दाणा म्हणजे एक केंद्रक. रॉबर्ट कॉख यांच्या नावाने यांना कॉखच्या निळ्या गाठी म्हणतात. थायलेरिया अ‍ॅन्युलाटा. शंकेला जागा उरली नाही.

बुपार्वाक्वोन दिलं, किलोमागे अडीच मिलिग्रॅमच्या हिशेबाने, मानेच्या स्नायूत खोल. आता वाट पाहायची.

८ जून, रात्री

दिवसभर त्या जांभळ्या दाण्यांचा विचार डोक्यात होता. लिहून ठेवते.

एकपेशीय परजीवी वाढतात कसे, याचं आपल्या सगळ्यांच्या मनातलं चित्र हिवतापाचं असतं. डासाने सोडलेला जंतू माणसाच्या यकृतात जातो आणि तिथे एकाची हजारो पिल्लं होतात. मग तांबड्या पेशींत तोच खेळ. आत शिरलेल्या जंतूचं केंद्रक पुन्हा पुन्हा विभागतं, तेही शिस्तीत एकदम नव्हे, प्रत्येक केंद्रक आपापल्या वेळेने. शरीर मात्र तोवर एकच असतं. सगळ्यात शेवटी त्याचे तुकडे पडतात, पेशी फुटते, पिल्लं बाहेर उसळतात आणि रोग्याला हुडहुडी भरते. बहुविभाजन हे त्याचं पाठ्यपुस्तकातलं नाव. यात यजमानाची पेशी खर्ची पडते.

थायलेरिया हिवतापाच्याच गोतावळ्यातला. पण पांढऱ्या पेशीत तो पेशी खर्चत नाही, वाढवतो.

गोचिडीच्या लाळेतून आलेला जंतू काही मिनिटांत पांढऱ्या पेशीत घुसतो. घुसताना पेशीच्या आवरणाची पिशवी त्याच्याभोवती तयार होते. हिवतापाचा जंतू अशा पिशवीतच राहतो. हा ती लगेच विरघळवून टाकतो आणि पेशीद्रवात उघडा पडून राहतो. पेशीला आकार देणाऱ्या सूक्ष्म नळ्या त्याच्याभोवती गोळा होतात. मग तो वाढू लागतो, केंद्रकं वाटली जातात आणि काल पाहिला तो पुंजका बनतो. त्याच वेळी तो पेशीच्या कारभारात हात घालतो. पेशीला जगत राहा म्हणून सांगणारे रासायनिक इशारे तो कायमचे चालू ठेवतो आणि पेशीने स्वतःला संपवण्याची जी सोय निसर्गाने केलेली असते ती निकामी करतो. पेशी विभागू लागते, आणि विभागतच राहते.

ती विभागताना गुणसूत्रं दोन्हीकडे ओढणारे धागे तयार होतात. हा लांबोडका पुंजका त्या धाग्यांना लागून आडवा पडतो आणि पेशी मधोमध कापली जाते तेव्हा तोही कापला जातो. अर्धा इकडे, अर्धा तिकडे. बर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली दाखवून दिलं की पेशीच्या विभाजनावर देखरेख करणारं एक विकर हा जंतू स्वतःच्या अंगावर ओढून घेतो, म्हणजे वाटणीच्या वेळी तो नेमका मोक्याच्या जागी असतो. भाडेकरूने मालकाचं घर पाडण्याऐवजी त्याच्याकडूनच शेजारी तसंच दुसरं बांधून घ्यावं आणि दोन्हीकडे आपलं बिऱ्हाड ठेवावं, तसं हे आहे.

याचा परिणाम काय होतो, तर जंतूला बाहेर पडावंच लागत नाही. बाहेर रक्तात प्रतिपिंडं टपून बसलेली असतात, त्यांच्या तावडीत तो सापडत नाही. आणि ज्या पेशींनी गाईचं रक्षण करायचं त्याच पेशी त्याची पिलावळ घेऊन गाठीगाठीतून पसरतात. काल हाताला लागलेली गाठ सुजेची नव्हती. ती या वाढलेल्या पेशींची होती.

११ जून

गाय घासाला तोंड लावतेय. ताप १०२.

मालकांना आनंद झाला तो गाय उठली याचा. मला आणखी एका गोष्टीचा झाला. ज्या पेशी जंतूच्या जोरावर बेलगाम वाढत होत्या, त्यांना औषधाने धक्का लावलेला नाही. औषधाने मारला तो जंतू. प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेल्या अशा पेशींना बुपार्वाक्वोन दिलं की जंतू मरतो आणि पेशी काही दिवसांत विभागायच्या थांबतात. कॅन्सरच्या पेशीसारखी वागणारी पेशी पुन्हा आपल्या मूळ वळणावर येते. जगभरचे कॅन्सरचे अभ्यासक गाईच्या या जंतूकडे वळले ते यासाठी. हे काम ज्यावर चालतं तो रोग आमच्या गोठ्यात दर पावसाळ्याला दारात उभा असतो.

हेही लिहून ठेवलं पाहिजे, की हे औषध वेळेत दिलं तरच चालतं. पांढऱ्या पेशींतला मुक्काम संपला की पुंजक्याचे तुकडे पडतात, पेशी फुटून सुटे जीव तांबड्या पेशींत शिरतात आणि रक्त उतरू लागतं. तिथवर मजल गेलेल्या गाईला जंतू मारूनही रक्त कुठून आणायचं?

१९ जून

आज ती मजल गेलेली गाय आली. डोळ्यांच्या आत पापणीला पांढरेपणा, हिरड्यांवर रक्ताचे बारीक ठिपके. औषध, सलाईन, सगळं केलं. रात्री गेली.

शवविच्छेदनात चौथ्या पोटाच्या आतल्या अस्तरावर गोल, कोरल्यासारखे व्रण. पानथरी जांभळी, सुजलेली. तापाचे पहिले आठ दिवस ती घरीच होती आणि प्रत्येक दिवशी कुणी ना कुणी काहीतरी टोचून गेलं होतं. एकानेही काचपट्टी ओढली नव्हती. त्या घरची मुलगी गोठ्याच्या दाराशी उभी राहून विचारत होती, "पण ताई, गाठ तर आम्हाला पहिल्याच दिवशी लागली होती हाताला."

२४ जून

एका वस्तीवर गेले होते. घरच्या म्हाताऱ्या काकू रोज सकाळी धारा काढायच्या आधी गाईंच्या अंगावरून हात फिरवून गोचिडी वेचतात. सून म्हणाली, "आत्याबाई वेचतात आणि लगेच नव्या चढतात, उपयोग काय?" काकू माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, फार उपयोग आहे, आणि तिथेच बाजेवर बसून समजावून सांगितलं. तेच इथे उतरवते.

गाईच्या अंगात या जंतूची वाढ म्हणजे नुसती वाटणी. नर-मादी असा प्रकार तिथे घडत नाही. तो घडतो गोचिडीच्या पोटात. गोचीड लहान असताना, म्हणजे अळी किंवा पिल्लू असताना, बाधित गाईचं रक्त पिते. त्या रक्तातल्या तांबड्या पेशी तिच्या आतड्यात फुटतात. सुटे झालेले काही जंतू गोल होतात, काहींना किरणांसारखी टोकदार शेपटं फुटतात. कॉख यांनी ही किरणदार रूपं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पाहिली होती. यांतून नर आणि मादी युग्मकं होतात, ती जुळतात, आणि त्यातून झालेला जीव आतड्याच्या भिंतीतल्या पेशीत शिरून थांबतो. गोचीड कात टाकते, मोठी होते, तेव्हा तो हलता जीव बनून लाळग्रंथीत जातो आणि तिथे पुन्हा थांबतो.

थांबतो कशासाठी? तर गोचिडीने नवी गाय धरण्यासाठी. मोठी झालेली गोचीड गाईला चिकटून रक्त प्यायला लागली की मगच लाळग्रंथीतला जंतू जागा होतो, एका पेशीत त्याची हजारो पिल्लं तयार होतात आणि लाळेतून गाईत उतरतात. ही पिल्लं तयार व्हायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. फार उन्हाळा असेल तर त्याआधीही होतात. म्हणजे आज चिकटलेली गोचीड आज किंवा उद्या काढली, तर बहुतेक वेळा तिच्या लाळेत रोग पिकलेलाच नसतो. रोज वेचणाऱ्या काकू रोज ती घडी मोडत असतात.

सून ऐकत होती. मग तिने विचारलं, "मग वेचलेल्या करायच्या काय? आत्याबाई बोटाने फोडतात." ते मात्र करू नये. आपल्याकडची थायलेरिया पसरवणारी गोचीड ह्यालोमा जातीची, पायांवर फिके पट्टे असलेली. क्रिमियन काँगो ताप हा माणसाला होणारा जीवघेणा विषाणूजन्य तापही याच जातीच्या गोचिडी वाहतात. २०११ च्या जानेवारीत अहमदाबादला भारतातली त्याची पहिली खात्रीची नोंद झाली आणि उपचार करणारेही दगावले. गोचीड हातमोजा किंवा जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून, कातडीलगत धरून सरळ ओढायची आणि जाळायची. बोटाने चिरडायची नाही.

आणखी एक. ह्यालोमाच्या अंड्यांत थायलेरिया उतरत नाही. नुकतीच बाहेर आलेली अळी निरोगी असते. ती रोग घेते गोठ्यातल्या जनावराकडूनच. बरी झालेली गाय दिसायला धडधाकट असली तरी तिच्या तांबड्या पेशींत थोडे जंतू वर्षानुवर्षं राहतात. त्यामुळे ज्या गोठ्यात एकदा हा ताप येऊन गेला, तिथे गोचिडींचा बंदोबस्त सगळ्यात आधी आणि सगळ्यात कडक हवा. रक्त पिऊन टरटरलेली मादी खाली उतरून दगडी भिंतीच्या सांध्यांत, गव्हाणीच्या भेगांत हजारोंनी अंडी घालते. भेगा बुजवा, चुना लावा, जनावरं बाहेर काढून आणि वैरण हलवून भिंतीच्या खालच्या भागावरून फ्लेमगन फिरवा. औषध फक्त गाईच्या अंगावर मारून काम अर्धंच होतं, कारण अर्धं घर भिंतीत असतं.

५ जुलै

लाल लघवीची जर्सी गाय. रक्तात बबेसिया. तांबड्या पेशीत दोन नाशपत्यांची जोडी, टोकाला टोक जुळलेलं. इथे वाढीची रीत साधी, एकाचे दोन. पण पेशी फुटतात भराभर आणि रक्ताचा रंग लघवीत उतरतो.

या रोगाने विज्ञानाला एक मोठी गोष्ट शिकवली. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ मध्ये याच रोगाचा, म्हणजे टेक्सास तापाचा, अहवाल छापला आणि गोचीड रोग वाहून नेते हे सिद्ध केलं. रॉस यांनी सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला तो त्यानंतर, १८९७ मध्ये. कीटक किंवा गोचीड रोग पसरवू शकते ही वाट आधी गाईंनी दाखवली. इथे नियम थायलेरियाच्या उलट आहे. बबेसिया आईच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो, म्हणून नुकती जन्मलेली गोचीडही रोगट असू शकते. एकाच गाईवर दोन जातींच्या गोचिडी बसलेल्या असतात आणि दोघींचे हिशेब वेगळे.

डिमिनाझीन दिलं. थायलेरियाचं औषध इथे चालत नाही, आणि इथलं तिथे. ताप दोन्हीकडे सारखाच चढतो. म्हणून काच.

२० जुलै

संततधार. गोठ्यांत चिखल. वासरांच्या रक्ती हगवणीच्या तक्रारी येऊ लागल्या. शेणाच्या नमुन्यात आयमेरियाची अंडपुटी.

आयमेरियाची रीत मला नेहमी थक्क करते. ओल, ऊब आणि हवा मिळाली की बाहेर पडलेली अंडपुटी पिकते, आत आठ जंतू तयार होतात. वासराने चाटली की ते आतड्यात सुटतात. आयमेरिया बोविस या जातीत पहिल्या पिढीचा पिंड इतका मोठा होतो की आतड्याच्या अस्तरावर पांढरा ठिपका म्हणून नुसत्या डोळ्यांना दिसतो. त्यात लाखाच्या वर पिल्लं असतात. मग आणखी एक पिढी, मग त्याच वासरात नर आणि मादी, आणि नव्या अंडपुटी शेणातून बाहेर.

पण या वाढीला मर्यादा आखून दिलेली असते. किती पिढ्या करायच्या हे ठरलेलं. त्या झाल्या की वाढ आपोआप थांबते. वासराने नवी अंडपुटी गिळली नाही तर रोग संपतो. थायलेरियाला असा काटेकोर पूर्णविराम नाही.

यातून एक अडचणीची गोष्ट निघते. शेणात रक्त दिसतं ते शेवटच्या पिढ्यांच्या वेळी, गिळल्यापासून अडीच-तीन आठवड्यांनी. तोवर वाढ बरीचशी होऊन गेलेली असते. आजारी वासराला पाणी, क्षार, आधार द्यायचाच. पण खरं औषध द्यायचं ते त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या, अजून धडधाकट दिसणाऱ्या वासरांना, आणि जमीन कोरडी करायची. हे सांगितलं की लोक म्हणतात, मॅडम, आजाऱ्याला सोडून निरोग्यांना औषध? हो.

२ ऑगस्ट

अकोल्याकडच्या डोंगरातून एक आबा डांगी बैल घेऊन आले, पायाला जखम म्हणून. सहज काच ओढली. तांबड्या पेशींत थायलेरियाच्या दोन-चार अंगठ्या होत्या. बैलाला ताप नाही, गाठ नाही, भूक उत्तम.

आपल्या देशी गाई-बैलांना हा रोग लागतच नाही असं लोक म्हणतात. लागतो. पण हजारो पिढ्या त्याच्याबरोबर काढलेल्या जनावराचं शरीर जंतूला आवर घालतं, आरडाओरडा न करता. साहिवालवर झालेल्या अभ्यासांतही हेच दिसलं. परदेशी रक्ताच्या गाईचं शरीर या जंतूला पाहून इतकं खवळतं की जंतूइतकीच तिची स्वतःची प्रतिक्रिया तिला मारते. आपण दुधासाठी तिला इथे आणलं. तर तिच्या रक्षणाची जबाबदारी आपली आहे, तिची नाही.

थायलेरिया हे नाव ज्यांच्यावरून आलं ते आर्नोल्ड थायलर स्विस पशुवैद्य. दक्षिण आफ्रिकेत गेले आणि शेतातल्या यंत्रात सापडून डावा हात गमावला. एका हाताने त्यांनी पुढचं सगळं काम केलं. १९०८ मध्ये ऑन्डरस्टीपोर्टची प्रयोगशाळा उभी केली. त्यांचा मुलगा मॅक्स याला पीतज्वराच्या लशीसाठी १९५१ चं नोबेल मिळालं. आपल्या पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ही माणसं नावाने माहीत असायला हवीत.

२१ ऑगस्ट

उद्या पोळा. आज संध्याकाळी घरोघर खांदेमळणी. बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लावून चोळलं जात होतं. मी ज्या ज्या दारी गेले तिथे सांगितलं, चोळताना हात थोडा पुढे न्या. खांद्याच्या पुढे, मानेच्या बुडाशी, कातडीखाली गाठ असते. निरोगी जनावरात ती बारीक आणि सरकती लागते. दोन्ही बाजूंची सारखी आहे का बघा. फुगलेली, गरम लागली तर ताप मोजा.

एका बैलाच्या रक्तात आज सर्रा या रोगाचा जंतू सापडला. ताजा थेंब नुसता काचेखाली ठेवला तरी जंतू दिसतो, कारण तो तांबड्या पेशींमधून सळसळत, त्यांना ढकलत पोहतो. पट्टी रंगवल्यावर एकजण विभागताना हाती लागला. शेपटीच्या मुळाशी असलेला कण आधी दोन झालेला, दुसरी शेपटी फुटलेली, केंद्रकं दोन, आणि अंग उभं, लांबीने चिरत चाललेलं. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सीची हीच रीत. उभी चीर. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये डेरा इस्माईल खानला घोड्या-उंटांच्या रक्तात तो पाहिला.

याच्या आयुष्यात माशीचं काम फक्त वाहतुकीचं. माशीच्या पोटात तो वाढत नाही, तिथे नर-मादी काही नाही. घोडमाशीच्या तोंडाला लागलेलं ओलं रक्त पुढच्या जनावराला टोचलं जातं, एवढंच. आफ्रिकेतल्या आपल्या भाऊबंदांपासून तो असा तुटला की त्सेत्से माशीत वाढायची क्षमताच त्याने गमावली. त्या बदल्यात तो कुठेही जाऊ शकला, जिथे चावणारी माशी आहे तिथे. नुसत्या उभ्या चिरण्यावर तो टिकून आहे आणि अंगावरचं प्रथिनांचं आवरण पुन्हा पुन्हा बदलून जनावराच्या प्रतिपिंडांना चकवतो. म्हणून सर्ऱ्याचा ताप येतो आणि जातो. प्रत्येक येणं म्हणजे नव्या आवरणाची नवी पिढी.

माणसाच्या रक्तात एक प्रथिन असतं, ते या जंतूला मारतं. म्हणून माणसाला सर्रा होत नाही असंच सगळे धरून चालले होते. मग चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला, जगातली खात्रीने नोंदलेली अशी पहिली केस, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली. तपासलं तेव्हा कळलं की त्याच्या रक्तात ते रक्षक प्रथिन जन्मापासूनच नव्हतं. सुरामिन देऊन तो बरा झाला. ते प्रथिन किती मोलाचं आहे हे एका शेतकऱ्याच्या रक्ताने जगाला दाखवलं. ही माहिती आपल्या विदर्भातली आहे आणि आपल्याकडच्या फार थोड्या जणांना ठाऊक आहे.

१४ सप्टेंबर

दूध संकलन केंद्रावर सकाळी सभा होती. लशीबद्दल विचारणा झाली.

थायलेरियाची लस आपल्या देशात आहे. रक्षावॅक-टी, हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सची. तिच्यात काय असतं हे सांगितल्यावर सभेत क्षणभर शांतता पसरली. तिच्यात जंतूने बाधलेल्या जिवंत पांढऱ्या पेशी असतात. जी खोड जीव घेते, पेशीला अखंड विभागायला लावण्याची, तिच्याच आधारे या पेशी बाटलीत वर्षानुवर्षं वाढवता येतात. वाढवत राहिलं की जंतू मवाळ होत जातो. पसरण्याची ताकद गमावतो, रोग करण्याची गमावतो, पण गाईच्या शरीराला ओळख करून देण्याइतका शिल्लक राहतो. मग तो टोचायचा.

जिवंत लस असल्याने ती द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, उणे १९६ अंशांवर. रेतनाच्या कांड्यांसाठी तसं भांडं गावोगाव फिरतंच. म्हणजे साधन आपल्याकडे आहे. दोन महिन्यांवरच्या संकरित वासराला ती देता येते. मागणी नाही म्हणून साठा नाही आणि साठा नाही म्हणून मागणी नाही, हे चक्र मोडायचं असेल तर एका केंद्राच्या सभासदांनी मिळून यादी केली पाहिजे. आज यादी सुरू झाली. बायकांनी आधी नावं दिली.

२८ सप्टेंबर

पाऊस ओसरतोय. तापाच्या गाई कमी झाल्या. आल्या त्यांतल्या बहुतेक पहिल्या-दुसऱ्या दिवशीच आल्या, गाठ हाताला लागली म्हणून.

या पानांतले जंतू एकाच नजरेने बघून चालणार नाहीत. एक गाईच्या पेशीला कामाला लावतो, एक पेशी फोडतो, एक ठरलेल्या पिढ्या करून थांबतो, एक उभा चिरत राहतो. कोण कुठे आणि कसा वाढतोय हे कळलं की त्याला कुठे अडवायचं ते कळतं, आणि ते कळायला एक काचपट्टी, रक्ताचा एक थेंब आणि पाऊण तास लागतो. गोठेवाल्यांना माझी विनंती आहे : तुमच्या गाईला ताप आला तर इंजेक्शनच्या आधी काच मागा. डॉक्टरांनी नाही म्हटलं तर आग्रह धरा. आणि दुसऱ्या दिवशीची वाट न बघता पहिल्याच दिवशी घेऊन या.